नावापुरते लग्न आणि तू-तुम्हीचा हिशेब

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी एका इंग्रजी प्रेमकादंबरीचा मराठी अनुवाद हाती घेतला आणि ठरलेल्या मुदतीपेक्षा महिनाभर उशिरा, दसऱ्याच्या सुमारास तो पुरा केला. कादंबरीचे नाव सांगण्याच्या आड करारातील एक कलम येते, म्हणून ते नाव आणि पात्रांची नावे बाजूला ठेवूनच लिहिते. ज्यांनी अशी पुस्तके वाचली आहेत त्यांना ही गोष्ट नावाशिवायही ओळखीची वाटेल. भूमध्य समुद्रात एक काल्पनिक बेट आहे, त्या बेटाचे छोटेसे राज्य आहे आणि पस्तिशीला टेकलेला, देखणा, तिरसट असा तिथला युवराज आहे. पस्तिसाव्या वाढदिवसापूर्वी त्याचे लग्न झाले नाही तर गादी चुलत्याकडे जाणार आणि चुलता बंदर एका परदेशी कंपनीला विकून मोकळा होणार. नायिका राजवाड्याच्या दप्तरखान्यात जुन्या कागदांची डागडुजी करते आणि धाकट्या भावाने करून ठेवलेल्या कर्जाने गांजलेली आहे. युवराज तिच्यापुढे प्रस्ताव ठेवतो की तिने एक वर्ष त्याची पत्नी म्हणून राहावे, कर्ज तो फेडेल आणि वर्ष सरले की दोघे आपापल्या वाटेने जातील. पुढे काय होते ते सांगण्याची गरज नाही.

त्याआधी चौदा वर्षे मी बँकांची परिपत्रके, विम्याचे अर्ज आणि औषधांच्या खोक्यातली घडीची माहितीपत्रके मराठीत आणत होते. प्रकाशनसंस्थेच्या संपादिकेचा फोन आला तेव्हा मी मधुमेहाच्या गोळीचे दुष्परिणाम लिहीत होते. तिने मला का निवडले हे पुढे कळले. आधीच्या दोन अनुवादकांनी नमुन्याची दहा पाने अशी काही अलंकारिक करून दिली होती की तिला कोरड्या हाताचे माणूस हवेसे झाले. मी होकार दिला तो थोडा पैशासाठी आणि थोडा जुन्या ऋणासाठी. सांगलीला कॉलेजात असताना महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका वाचनालयातून आम्ही मुली मिल्स अँड बूनची पुस्तके आणत असू आणि ती घरी येईपर्यंत त्यांच्यावर खाकी कव्हर चढलेले असे. ही संस्था १९०८ मध्ये जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी लंडनमध्ये काढली. सुरुवातीला ती सगळ्या प्रकारची पुस्तके छापत असे, प्रेमकादंबऱ्यांवर ती नंतर स्थिरावली. १९४९ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे निघालेल्या हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेने १९७१ मध्ये तिला विकत घेतले, हे सगळे तेव्हा कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी अनुवादलेले पुस्तक त्या संस्थेचे नाही, पण घाट तोच आहे. पन्नास हजारांच्या आसपास शब्द, दोघांच्याच भोवती फिरणारे कथानक आणि शेवट गोड होणार याची वाचकाला पहिल्या पानापासून असलेली खात्री.

कराराबद्दल एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण नवीन अनुवादक इथेच फसतात. मोबदला शब्दागणिक ठरला होता, पण शब्द कोणत्या भाषेतले मोजायचे हे पहिल्या मसुद्यात लिहिलेलेच नव्हते. इंग्रजीतली उपपदे मराठीत नाहीशी होतात आणि शब्दयोगी अव्यये व विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मराठी मजकूर वाचायला तेवढाच लांब असूनही शब्दसंख्येत घटतो. माझ्या हातून पन्नास हजारांचे एक्केचाळीस हजार झाले. मूळ शब्दांवर मोबदला मिळावा ही अट मी आधीच घालून घेतली होती म्हणून निभावले.

पहिला आठवडा कादंबरीच्या मूळ कल्पनेला मराठी नाव शोधण्यात गेला. संपादिकेने दिलेल्या टिपणात 'सोयीचा विवाह' असे लिहिले होते. अर्थाने ते बरोबर आहे, पण हा शब्द कुणी कधी तोंडाने उच्चारलेला मी ऐकलेला नाही. मराठी कानाला सोय आणि सोयरीक हे शब्द इतके शेजारी वाटतात की सोय पाहूनच सोयरीक होते, त्यात वेगळे ते काय, असे कुणीही विचारील. 'तडजोडीचे लग्न' म्हटले की मुलीचे वय वाढले होते किंवा मुलाचे हे दुसरेपण होते, असा वास येतो. 'करारविवाह' हा शब्द वकिलाच्या टेबलावरचा वाटतो. शेवटी अशा लग्नांबद्दल आपल्या घरांत दबक्या आवाजात जे म्हणतात तेच हाताशी आले, ते म्हणजे 'नावापुरते लग्न'. कागदावर आहे, घरात नाही, असा त्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मूळ पुस्तकात हा शब्दप्रयोग जिथे व्यापारी थंडपणाने येतो तिथे माझ्या मराठीत थोडी लाज आली, आणि ती मला चालण्यासारखी वाटली.

खरी अडचण त्याहून मोठी होती आणि ती तिसऱ्या प्रकरणाशी आल्यावर ध्यानात आली. इंग्रजी वाचकाला धक्का बसतो तो या गोष्टीने की ज्या माणसावर प्रेम नाही, ज्याची धड ओळखही नाही, त्याच्याशी एक बाई लग्न करते आणि प्रेम मागाहून उपजते. मराठी वाचक म्हणणार, बरे, मग? आमच्याकडे पोह्यांची बशी पुढे करून अर्ध्या तासात ठरलेल्या लग्नांवर तीन पिढ्यांचे संसार उभे आहेत, आणि प्रेम झालेच तर लग्नानंतरच झाले आहे. नायिका त्या परक्या घरात पहिल्या रात्री खिडकीशी उभी राहून आपण हे काय करून बसलो असा विचार करते, ते पान मी माझ्या आईला वाचून दाखवले. आई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "सगळ्यांनाच तसं होतं. पण हिच्या माहेरचं कुणी पाठराखणीला कसं नाही आलं?"

तेव्हा उमगले की या गोष्टीतला ताण प्रेमाआधीच्या लग्नात शोधून मराठीत सापडणार नाही, तो मुदतीत शोधायला हवा. आपल्याकडे अनोळखी माणसाशी लग्न होते ते जन्मभरासाठी होते, त्याला शेवटची तारीख नसते. वर्ष भरले की सामान बांधायचे हे ठरवून बोहल्यावर उभे राहणे ही गोष्ट मात्र मराठी मनाला खरोखरच अस्वस्थ करते. मी काही बदलले नाही, बदलण्याचा अधिकारही नव्हता. पण जिथे जिथे मूळ लेखिकेने उरलेल्या महिन्यांचा उल्लेख केला होता तिथे वाक्य अशा रीतीने रचले की तो आकडा शेवटी, क्रियापदाच्या अगदी लगत यावा. मराठी वाक्यात जोर तिथे पडतो.

कथानकाच्या कायदेशीर बाजूवर माझा प्रथम विश्वास बसत नव्हता. लग्न केले नाही म्हणून कुणाची गादी जाते हे मला हरदासाच्या कथेसारखे वाटले होते. वाचायला घेतल्यावर दिसले की युरोपच्या राजघराण्यांत लग्न ही खरोखरच सरकारी बाब राहिली आहे. इंग्लंडमध्ये १७७२ च्या कायद्यानुसार दुसऱ्या जॉर्जच्या बहुतेक वंशजांना लग्नासाठी राजाची परवानगी लागत असे. २०१३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ही अट वारसाक्रमातील पहिल्या सहा जणांपुरती उरली. आठव्या एडवर्डने घटस्फोटित वॉलिस सिम्पसनसाठी डिसेंबर १९३६ मध्ये सिंहासन सोडले हे सर्वांना माहीत असते, पण त्याआधी एक मधला तोडगा सुचवला गेला होता हे कमी लोकांना ठाऊक असते. तिने पत्नी व्हावे पण राणी होऊ नये, अशा दुय्यम दर्जाच्या लग्नाचा तो तोडगा होता आणि पंतप्रधान बाल्डविनच्या मंत्रिमंडळाने तो फेटाळला. मोनॅकोची गोष्ट तर आमच्या कादंबरीच्या फारच जवळ जाते. फ्रान्सबरोबरच्या १९१८ च्या तहाप्रमाणे राजगादी वारसावाचून रिकामी पडली तर ते राज्य फ्रान्सच्या संरक्षणाखाली जाणार होते, आणि १९५६ मध्ये रेनिए राजपुत्राने ग्रेस केली या अमेरिकन नटीशी लग्न केले तेव्हा हा तह लागू होता. म्हणजे वारस हवा म्हणून लग्न हवे, हे तिथे नुसते घराण्याचे दुखणे नव्हते.

आता मराठी वाचकाची दुसरी शंका. ती मलाच प्रथम आली आणि आल्यावर मी थोडी हसले. गादीला वारस हवा असेल तर हा माणूस दत्तक का घेत नाही? आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतील अर्धी संस्थाने दत्तकावर चाललेली आहेत. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला सयाजीराव झाला, कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरला शाहू झाला, आणि डलहौसीने १८४८ मध्ये सातारा खालसा केला तो दत्तक नामंजूर करूनच. दत्तक ही आपल्याला इतकी सरावाची गोष्ट आहे की तिच्याविषयी अवाक्षर न काढता वारसाची चिंता करीत बसलेला युवराज मराठीत निव्वळ बावळट दिसतो. युरोपातील बहुतेक राजघराण्यांत गादी औरस संततीलाच मिळते आणि दत्तकाने वारस होता येत नाही, हे तिथल्या वाचकाच्या अंगवळणी पडलेले असते, म्हणून मूळ लेखिकेला ते लिहावे लागले नाही. (मोनॅकोने मात्र १९१९ मध्ये हेच केले होते. युवराज लुई याने विवाहाबाहेर झालेल्या आपल्याच मुलीला, शार्लोटला, दत्तक घेतले, आणि रेनिए हा तिचा मुलगा.) मी संपादिकेला पत्र लिहून एका वाक्याची भर घालण्याची परवानगी मागितली. तिने ती मूळ प्रकाशकाकडून मिळवायला तीन आठवडे लावले. दुसऱ्या प्रकरणात राजवाड्याचा वृद्ध वकील कायद्याचे पुस्तक मिटतो, तिथे आता तो म्हणतो, "या बेटाच्या कायद्यात दत्तकाला गादी नाही." अख्ख्या पुस्तकात माझे स्वतःचे असे हे एवढेच वाक्य आहे.

संबोधनांसाठी मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांचे सासरे एका दक्षिणी संस्थानात खासगी खात्याकडे कारकून होते. राजाराणीच्या इंग्रजी पदव्यांना शब्दकोशात जे प्रतिशब्द सापडतात ते एक तर पौराणिक मालिकेतले असतात किंवा टपाल तिकिटावरचे. 'महामहिम' म्हणणारी बायको मला कल्पनेतही उभी करता येईना. काकूंनी विचारले, "घरातली माणसं काय म्हणतात त्याला?" मी म्हटले, मूळात सगळे एकच म्हणतात. त्या म्हणाल्या, "असं कसं? नोकर म्हणणार सरकार. आई म्हणणार बाळराजे, तो पन्नाशीचा झाला तरी. बहीण असली तर तिला आक्कासाहेब, आईला आईसाहेब. आणि बायको नावही घ्यायची नाही." मग त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेले एक लग्न आठवले. मुलीचे घराणे तोलाचे नव्हते म्हणून नवरदेव स्वतः गेलाच नाही, त्याचा खांडा पाठवला आणि मुलीचे लग्न त्या तलवारीशी लावून तिला घरी आणले. "आठ दिवसांनी तिने नवरा पाहिला," काकू म्हणाल्या, "आणि तू मला तुझ्या त्या बेटाचं काय सांगतेस?"

त्यांच्याकडून मी 'सरकार' हा शब्द घेतला आणि तो हवा तसा वाकला. पहिल्या प्रकरणात दप्तरखान्यातली कर्मचारी म्हणून नायिका तो मान खाली घालून उच्चारते. मध्यावर आल्यावर तोच शब्द ती टोमणा म्हणून फेकते, "काय सरकार, आज फारच लवकर येणं केलंत." शेवटाकडे तो लाडाचा होतो. मूळ इंग्रजीतही त्या राजपदवीचा असाच प्रवास आहे, आणि शब्दकोशातला एकही प्रतिशब्द तो करू शकला नसता. 'आईसाहेब' मात्र मी घेतले नाही, कारण तो शब्द आला की बेट नाहीसे होऊन थेट कोल्हापूर उभे राहते. युवराजाच्या आईला 'राजमाता' केले आणि काकूंना ते आवडले नाही.

या काळात मी आपल्याकडच्या राजघराण्यांच्या लग्नांविषयी जे हाताला लागेल ते वाचत होते. उपयोग भाषेपुरताच होता, पण एक गोष्ट मनात राहिली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे यांची सोयरीक ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरली होती. दोन मराठी घराण्यांची सर्व बाजूंनी सोयीची अशी ती सोयरीक होती. १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांना कूचबिहारचे जितेंद्र नारायण भेटले, त्यांनी शिंद्यांना आपणच पत्र लिहून ठरलेले लग्न मोडले आणि १९१३ मध्ये लंडनमध्ये जितेंद्र यांच्याशी विवाह केला. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी गादी सोडल्यावर १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. ती नाशिकला हिंदू धर्म स्वीकारून शर्मिष्ठादेवी झाली. या दोन्ही खऱ्या कथांत प्रेम आधी येते आणि सोय त्याच्यापुढे हरते. सोयीतून प्रेम निघते ही इंग्रजी पुस्तकाची आवडती चाल आपल्या राजवाड्यांतही घडली असेलच, पण तिची नोंद कोण ठेवणार? ती तर रीतच होती.

आणि मग तू-तुम्ही. एखाद्या मराठी अनुवादकाने या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहावे असे मला मनापासून वाटते. इंग्रजीत एकच सर्वनाम राजालाही चालते आणि मांजरालाही. मराठीत दोन माणसे एकमेकांशी बोलायला लागली की पहिल्याच वाक्यात त्यांचे नाते उघडे पडते. युवराज नायिकेला लग्नाबद्दल विचारतो ते मूळ वाक्य अवघ्या दोन शब्दांचे आहे, आणि त्या दोन शब्दांवर माझे चार दिवस गेले. 'माझ्याशी लग्न कर' असे लिहिले की तो हाताखालच्या बाईला फर्मान सोडणारा मालक होतो आणि वाचक त्याला पुस्तक संपेपर्यंत क्षमा करीत नाही. 'माझ्याशी लग्न करा' म्हटले की विनोदी नाटकातले पात्र बोलल्यासारखे वाटते. 'आपण माझ्याशी विवाह करावा' हे वाक्य वाचून मला माझी बँकेची परिपत्रके आठवली. शेवटी मी आज्ञार्थच सोडून दिला आणि लिहिले, "मला एका वर्षासाठी पत्नी हवी आहे. तुम्ही होकार द्याल का, एवढंच विचारायचं आहे." शब्द दोनाचे तेरा झाले, पण माणूस तोच राहिला.

त्यानंतर मी गेल्या वर्षाच्या कालनिर्णयाच्या एका पानाच्या मागे प्रकरणवार तक्ता आखून भिंतीला लावला. पहिल्या दोन प्रकरणांत ती त्याला 'आपण' म्हणते आणि तो तिला 'तुम्ही'. लग्नाच्या दिवसापासून दोघेही 'तुम्ही' म्हणतात, पण नोकरांसमोर ती 'आपण' वर जाते. पाचव्या प्रकरणातील भांडणात तो रागाने एकदा 'तू' म्हणतो आणि लगेच सावरतो. मूळात तिथे तो फक्त थांबतो, का थांबतो ते लेखिकेने सांगितलेले नाही, आणि मराठीत मात्र ते कारण आयतेच मिळाले. ती त्याला पहिल्यांदा 'तू' केव्हा म्हणेल याचा निर्णय मी बरेच दिवस लांबणीवर टाकला होता. संपादिकेचे म्हणणे होते की पहिल्या चुंबनाच्या प्रसंगात तो बदल व्हावा. मला ते पटेना. जवळीक झाली म्हणून 'अहो'चे 'अरे' होते असे निदान माझ्या पिढीने तरी पाहिलेले नाही. चार लेकरे झालेल्या बायकाही 'अहो'च म्हणत होत्या.

अकराव्या प्रकरणात वादळाने समुद्राचे पाणी राजवाड्याच्या तळघरात, तिच्या दप्तरखान्यात घुसते आणि तिचे वर्षभराचे काम वाचवायला तो गुडघाभर पाण्यात उतरतो. वर फळीवरचा दिवा हलतो आहे, भिंतीचा एक दगड निखळतो आहे. मूळात ती ओरडून एवढेच म्हणते की ते सोड. मी तिथे लिहिले, "अरे, राहू दे ते कागद! बाहेर ये आधी!" लिहून झाल्यावर तक्त्यावर त्या चौकोनात खूण केली. माणूस भ्यायला की सर्वनाम निवडत बसत नाही. पुढच्या प्रकरणात दोघांपैकी कुणीही मागे, 'तुम्ही'वर जात नाही आणि त्याबद्दल कुणी काही बोलतही नाही.

शृंगाराच्या प्रसंगांविषयी लोक आवर्जून विचारतात, पण तिथे सांगण्यासारखे थोडेच आहे. मराठीत त्या कामासाठी एक तर संस्कृत शब्द आहेत, जे पूजा सांगितल्यासारखे वाटतात, किंवा शिव्या आहेत. मी शक्य तिथे अवयवांची नावे टाळून क्रिया ठेवल्या, 'चुंबन' हा शब्द सबंध पुस्तकात तीनदाच वापरला आणि पुढे सरकले. छळले ते नायकाच्या चेहऱ्याने. हा माणूस दर पानाला जबडा आवळतो. इंग्रजीत त्यातून दाबलेला संताप दिसतो, मराठीत धनुर्वात झाल्यासारखे वाटते. केसांतून बोटे फिरवणे, एक भुवई उंचावणे, श्वास रोखला आहे हे स्वतःच्याच लक्षात नसणे, असे सगळे मोजून पाहिले तर जबडा एकोणतीस वेळा आवळला गेला होता. काही ठिकाणी मी त्याला ओठ मिटायला लावले, काही ठिकाणी तो नुसता गप्प झाला, आणि दोनदा त्याने कपाळाला आठी घातली, जी मराठी माणसे खरोखर घालतात. मूळ लेखिकेने हे कधी वाचले तर तिची हरकत नसावी अशी आशा आहे.

मुद्रितशोधनात मात्र दगा झाला. दुसरी प्रुफे आली ती मी निर्धास्तपणे चाळत होते आणि अकराव्या प्रकरणाशी येऊन थबकले. पाणी चढत होते, दिवा हलत होता, आणि नायिका ओरडत होती, "अहो, राहू द्या ते कागद! बाहेर या आधी!" आधीच्या दहा प्रकरणांत 'तुम्ही' आणि इथून पुढे 'तू', ही विसंगती आहे असे समजून कुणीतरी शेवटपर्यंतची सगळी एकेरी संबोधने मोठ्या कष्टाने अनेकवचनी करून टाकली होती, क्रियापदांसह. त्या माणसाचे व्याकरण निर्दोष होते, हे मान्य केलेच पाहिजे. मी तक्त्याचा फोटो काढून संपादिकेला पाठवला. छपाईला चार दिवस उरले होते. ते चार दिवस मी आणि डीटीपी करणारी मुलगी फोनवर एकेक ओळ वाचत 'तुम्ही'चे 'तू' करीत बसलो. तिने मध्येच विचारले, "मॅडम, पण आधीपासूनच तू ठेवलं असतं तर?" तिच्या लग्नाला दीड वर्ष झाले होते आणि ती नवऱ्याला पहिल्या भेटीपासून 'अरे'च म्हणत होती. तिला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

पुस्तक जानेवारीत आले. मुखपृष्ठावर बेट आहे, सूर्यास्त आहे आणि कोटाची बटणे उघडी असलेला एक माणूस आहे ज्याचा जबडा, नीट पाहिले तर, आवळलेला आहे. मोबदला दहा टक्के टीडीएस कापून आणखी अडीच महिन्यांनी मिळाला. छापील प्रत हातात पडली त्याच रात्री मी चूक शोधायला बसले आणि ती सापडली. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर, वादळानंतरच्या प्रकरणात, जेवणाच्या टेबलावर नायिका युवराजाला म्हणते, "तुम्ही आज काहीच खाल्लं नाहीत." आमच्या चार दिवसांच्या वेचणीतून ते एक 'तुम्ही' निसटले होते. मी पुढच्या आवृत्तीसाठी दुरुस्त्यांची यादी केली आणि हे सर्वांत वर लिहिले.

काकूंना एक प्रत दिली होती. त्या भिंग घेऊन रोज पंधरा-वीस पाने वाचत. एका दुपारी त्यांनी मला खाली बोलावले, पुस्तक उघडे धरले आणि म्हणाल्या, "अगं, पाण्यात उतरला तेव्हा अरे म्हणाली ना ती त्याला? मग इथे परत तुम्ही?" छपाईतली चूक आहे असे सांगायला मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनीच पुस्तक मिटले आणि म्हणाल्या, "सासू बसली असेल समोर."

वर येऊन मी ते पान पुन्हा काढले. राजमाता खरोखरच टेबलाच्या टोकाला बसली होती, आणि त्या प्रसंगात सुरुवातीपासून शेवटपर्यंत होती. मी दुरुस्त्यांच्या यादीतली पहिली ओळ खोडली.